हदगावात समुद्र मांडताना



गेल्या वर्षी एप्रिल संपता संपता पुण्याहून आमच्या भाच्याचा फोन आला. "मामू, खाऱ्या पाण्याचा फिश टँक मिळतोय. सगळ्या सामानासकट, अठरा हजारात. ज्याचा आहे तो परदेशी चालला आहे. नवीन घ्यायला गेलात तर तिप्पट पैसे लागतील." फोन स्पीकरवर होता, त्यामुळे घरातल्या सगळ्यांनी ऐकले. सहावीतला मुलगा उड्या मारू लागला. नववीतल्या पुतणीने लगेच मोबाईलवर नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशाचे चित्र काढून दाखवले. अब्बांना तरुणपणी पाहिलेले मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय आठवले. १९५१ साली सुरू झालेल्या त्या मत्स्यालयासमोर रस्ता ओलांडला की समुद्र. "तिथे समुद्र दारात होता," अब्बा म्हणाले, "आपल्याकडे कयाधू आणि पैनगंगा. त्याही उन्हाळ्यात कोरड्या."

अम्मी तोवर गप्प होत्या. तांदूळ निवडता निवडता त्यांनी एकच विचारले, "पाणी कुठून आणणार?"

आजचा लेख या प्रश्नाच्या उत्तराचा आहे. असा छंद आपल्या भागातल्या घराला परवडतो का, जुने सामान घेताना काय पाहावे, आणि कोणती वस्तू फुकट मिळाली तरी घरात आणू नये, हे आम्ही चुका करत शिकलो. त्या चुका वाचकांच्या कामी याव्यात.

अम्मींचा हिशेब

आमच्या भागात पाण्याचा प्रश्न थट्टेवारी नेता येत नाही. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोचली, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. दहा टँकर, सुमारे पाच लाख लिटर पाणी. आमची आपा लातूरला दिली आहे. त्या उन्हाळ्यात तिच्याकडे पाहुणे म्हणून जायलाही आम्हाला संकोच वाटत होता. अशा मुलखात माशांसाठी पाणी भरायचे, तर आधी हिशेब मांडायला हवा.

आम्ही कागद घेऊन बसलो. टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. म्हणजे पावणेसात घनफूट, काठोकाठ १९१ लिटर. वर थोडी जागा सोडली आणि आत दगड ठेवले की १६० लिटर पाणी मावते. हे पाणी बोअरचे चालत नाही. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार जास्त, वर खतांतून उतरलेले नायट्रेट असू शकते. समुद्राचे पाणी तयार करायचे तर आधी जवळजवळ कोरे, निर्मळ पाणी लागते. त्यासाठी आर.ओ. मशीन वापरतात. पण आर.ओ. मशीन एक लिटर शुद्ध पाणी देताना दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकते. १६० लिटरसाठी सव्वातीनशे ते पावणेपाचशे लिटर वाया.

"हा इसराफ आहे," अम्मी म्हणाल्या. "मे महिन्यात तर मी होऊ देणार नाही." मग थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "पावसाळा येऊ दे. पावसाचे पाणी कोरेच असते ना?"

भाचा फोनवर हसला. पण हसण्यासारखे त्यात काही नव्हते. स्वच्छ धरलेल्या पावसाच्या पाण्यात क्षार अगदी थोडे असतात. अम्मींच्या या एका वाक्याने आमचे सगळे वेळापत्रक ठरले. टाकी मे महिन्यात आणायची, दोन महिने दुरुस्ती आणि धुणे, पाऊस आला की भरायची. आता विचार करतो तेव्हा वाटते, ही सक्तीची सबुरीच आमच्या उपयोगी पडली. या छंदात घाई करणाऱ्याचे मासे मरतात.

जुने सामान पारखताना

पैसे भाभीच्या भिशीचे होते. म्हणून भाचा एकटा गेला नाही, आम्हीही पुण्याला गेलो. पहिली गोष्ट आम्ही ठरवली होती ती ही, की टाकी चालू असताना पाहायची. पाणी काढून पुसून ठेवलेली टाकी सगळ्यांचीच चांगली दिसते.

काचेवर नखाने हात फिरवून ओरखडे पाहावेत. कोपऱ्यातले सिलिकॉन पाहावे. ते पिवळे पडले असेल, कडेने सुटत असेल किंवा त्याच्या आत शेवाळ शिरले असेल, तर ते पुन्हा भरावे लागणार असे धरून भाव करावा. स्टँड हलवून पाहावा. तीन फुटी टाकी पाणी आणि दगडांसह दोन क्विंटलच्या आसपास भरते. मिठाच्या पाण्याने गंजलेला किंवा फुगलेल्या प्लायवूडचा स्टँड फुकट मिळाला तरी घेऊ नये.

सामानात एक प्रोटीन स्किमर होता. पाण्यात अगदी बारीक बुडबुडे सोडून माशांची घाण फेसाबरोबर वर काढणारे हे यंत्र गोड्या पाण्याच्या टाकीत नसते. त्याचा पंप काढून, आतला फिरता भाग धुऊन, पुन्हा चालवून पाहिला. लाटा करणारे दोन पंप होते, एल.ई.डी. दिवा होता, छोटे आर.ओ. मशीन होते. पाण्याचा खारेपणा मोजायची दुर्बिणीसारखी नळी, म्हणजे रिफ्रॅक्टोमीटर, हीदेखील होती. ती पुढे ३५ च्या प्रमाणित द्रावणाने तपासली, तेव्हा तीन अंशांनी चुकत असल्याचे कळले. स्क्रू फिरवून ती बरोबर केली. तपासली नसती तर सगळेच माप चुकले असते.

दोन वस्तू मात्र जुन्या घेऊ नयेत. एक हीटर. काचेच्या जुन्या हीटरला बारीक तडा असला, तर करंट पाण्यात उतरतो. दुसरी वस्तू म्हणजे तपासणीची औषधे. त्यांची मुदत संपलेली असते आणि ती खोटे आकडे दाखवतात. आर.ओ.चे फिल्टरही आम्ही नवेच टाकले.

आणि एक प्रश्न तोंडाने विचारायचा असतो: "या टाकीत कधी तांब्याचे औषध टाकले होते का?" माशांच्या अंगावरच्या परजीवींसाठी तांबे असलेली औषधे वापरतात. मासा ते सोसतो, पण कोळंबी, गोगलगायी यांच्यासारख्या जिवांना थोडेसे तांबेही मारून टाकते. दगड आणि वाळू ते शोषून घेतात आणि पुढे हळूहळू सोडत राहतात. विकणाऱ्याने प्रामाणिकपणे सांगितले, "हो, दोन वर्षांपूर्वी टाकले होते." त्याचे दगड आणि वाळू आम्ही घेतलीच नाही. घरी आल्यावर अम्मींची तांब्याची कळशी आणि पितळी बादलीही या कामापासून लांब ठेवली. पाणी फक्त खाण्याच्या दर्जाच्या प्लास्टिकच्या पिंपात.

फुकटातले पोवळे

सौदा झाला आणि निघता निघता तो गृहस्थ म्हणाला, "हे पण घेऊन जा, फुकट." टाकीच्या एका कोपऱ्यात तीन जिवंत पोवळी होती. एक हिरवट, मेंदूसारख्या वळ्यांचे. दोन फांद्यांची. निळ्या उजेडात ती चमकत होती. खरे सांगायचे, तर आमचेही मन गेले. भाचा कानात म्हणाला, "मामू, हदगावात कोण विचारायला येतोय?"

पोवळे म्हणजे काय, हे आपल्या घरांत अर्धेच माहीत असते. अंगठीतला मूंगा, उर्दूतला मरजान, म्हणून आपण त्याला दगड समजतो. पण तो दगड बांधणारा जीव असतो. बारीक बारीक प्राणी एकमेकांना चिकटून राहतात आणि पाण्यातला चुना घेऊन स्वतःभोवती घर बांधतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते. ते उन्हावर अन्न करते, त्यातले पोवळ्याला देते. बऱ्याच जातींची वाढ वर्षाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर. पाणी बरेच दिवस नेहमीपेक्षा एक-दोन अंश जास्त तापले, तरी ते शेवाळ निघून जाते आणि पोवळे पांढरे पडते. १९९८ साली समुद्र तापला तेव्हा लक्षद्वीपपासून जगभर पोवळी अशी पांढरी पडली होती. आपल्या महाराष्ट्रातही मालवणच्या समुद्रात पोवळी आहेत. तिथे १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झाले आहे.

आणि कायदा स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत, २००१ पासून चुनखडीचे घर बांधणारी सर्व कठीण पोवळी आहेत. काळे पोवळे, अग्निपोवळे, समुद्रपंखे आणि समुद्री घोडेही त्यात आहेत. ती पकडणे आणि विकणे हा गुन्हा, आणि विकत वा फुकट घेऊन घरात ठेवणाराही त्यात सापडतो. शिक्षा तीन ते सात वर्षे कैद. दंड किमान दहा हजार होता, तो २०२२ च्या दुरुस्तीने किमान पंचवीस हजार झाला. मेलेले, वाळलेले पोवळे शोभेला ठेवले म्हणून सुटका होत नाही. परदेशातले व्हिडिओ पाहून आपल्याकडची मुले रंगीत पोवळ्यांची टाकी मागतात, तेव्हा त्यांना हे सांगणे आपले काम आहे.

आम्ही त्या गृहस्थाला म्हटले, "भाऊ, हे आम्ही नेणार नाही. तुम्हीही दुसऱ्या कुणाला देऊ नका, वनखात्याला विचारा." तो थोडा नाराज झाला. परतीच्या वाटेवर भाचाही गप्पच होता. नगर आल्यावर म्हणाला, "मामू, पण पोवळ्याशिवाय ती टाकी रिकामी दिसेल." आम्ही म्हटले, "दिसू दे. पोलीस दारात आल्यापेक्षा बरे." हे उत्तर अपुरे होते, आम्हाला ठाऊक होते. खरे उत्तर पुढे पुतणीने दिले. तिने भिंतीवर मालवणच्या पोवळ्यांचे चित्र लावले आणि खाली लिहिले, "हे त्यांच्या घरी आहेत."

धुणे, गळती आणि पाऊस

घरसामान पोचवून परत येणाऱ्या टेम्पोत टाकी आली. मे महिना धुण्यात गेला. काचेवर आणि पंपांवर चुन्याचा थर बसला होता. निम्मे पाणी आणि निम्मा पांढरा व्हिनेगर यात पंप रात्रभर बुडवले, तेव्हा थर सुटला. साबण कुठेही लावायचा नाही, तो काचेच्या सांध्यात राहतो.

मग गळतीची परीक्षा. अंगणात, सपाट फळीवर, साध्या बोअरच्या पाण्याने टाकी भरली. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या कोपऱ्याखाली रुपयाएवढा ओला डाग. ही परीक्षा घरात घेतली असती, तर दिवाण भिजला असता. ते पाणी भाभीने बादलीबादलीने अंगणातल्या लिंबाला आणि कपडे धुवायला वापरले. अम्मींनी मोजून वापरायला लावले, असे म्हणणे जास्त बरोबर.

गळती बुजवताना आम्ही पहिल्यांदा चुकलो. जुन्या सिलिकॉनवरच नवे चढवले. नवे सिलिकॉन जुन्याला धरत नाही. आतले जुने सिलिकॉन ब्लेडने पूर्ण खरवडून, काच स्पिरिटने पुसून, मगच नवे भरावे लागते. बुरशीरोधक औषध असलेले, स्नानगृहाचे सिलिकॉन चालत नाही. साधे शुद्ध सिलिकॉन घ्यावे आणि व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत, आठवडाभर तरी, थांबावे. दुसऱ्या खेपेला टाकी तीन दिवस कोरडी राहिली.

जुलैत पाऊस लागला. पहिल्या दोन-तीन सरी आम्ही सोडून दिल्या. हवेतली धूळ त्यात येते. मग गच्चीवर बाजेला नवी स्वच्छ ताडपत्री बांधून, मधे खोलगट करून, खाली पिंप लावले. गच्चीच्या सिमेंटवरचे पाणी घेतले नाही, त्यात चुना उतरतो. जस्ताच्या पत्र्यावरचेही नाही. तीन आठवड्यांत दोनशे लिटरचे पिंप भरले. क्षार मोजायच्या पेनने पाहिले तर आकडा बारा. आमच्या बोअरचा आकडा नऊशेच्या वर जातो. तरीही हे पाणी आर.ओ. मशीनच्या शेवटच्या, क्षार धरणाऱ्या नळीतून एकदा काढले. त्यात पाणी वाया जात नाही. आकडा शून्य झाला.

मीठ कोणते? स्वयंपाकाचे नव्हे. समुद्राच्या पाण्यात बहुतांश साधे मीठच असते हे खरे, पण मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांच्याशिवाय ते समुद्राचे पाणी होत नाही. त्यासाठी तयार सागरी मीठ मिळते. लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशेबाने १६० लिटरला साडेपाच किलो, प्रत्यक्षात सहा किलो लागले. पिंपात पंप चालू ठेवून, एक दिवस ढवळून, खारेपणा ३५ आल्यावरच टाकीत भरले. आत सिरॅमिकचे सच्छिद्र दगड रचले. तळ कोराच ठेवला. नदीची वाळू टाकू नये.

रिकाम्या टाकीचे सहा आठवडे

आता मुलांना वाटले, मासे येणार. आले नाहीत. भरलेली टाकी सहा आठवडे माशांशिवाय चालवली. शेजारी येत, रिकाम्या पाण्याकडे पाहत आणि "मासे दिसत नाहीत," म्हणत.

कारण असे आहे. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो विष आहे, आणि समुद्राच्या अल्कधर्मी पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा जास्तच. दगडांच्या बारीक छिद्रांत काही जिवाणू वस्ती करतात. एक जात अमोनियाचे नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचे नायट्रेट. नायट्रेट बरेच सौम्य असते, पाणी बदलले की कमी होते. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही रोज चिमूटभर माशांचे खाणे टाकत होतो, ते सडून अमोनिया होई. मुलगा दर दोन दिवसांनी तपासून वहीत आकडा लिहायचा. अमोनिया चढला, उतरला. मग नायट्राइट चढले, उतरले. दोन्ही सलग आठवडाभर शून्य राहिले, तेव्हा सप्टेंबर संपत होता. मुलाला गणितापेक्षा त्या वहीची गोडी जास्त लागली.

ऑक्टोबरमध्ये दोन क्लाउनफिश आले. आम्ही टाकीत जन्मलेलेच मासे मागितले, समुद्रातून पकडलेले नव्हे. आपल्याकडे हे आता शक्य आहे. नवी मुंबईत ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानाने लखनऊच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या मदतीने या माशांची पैदास केली आहे. टाकीत जन्मलेला मासा दाणे खायला सरावलेला असतो, आणि त्याच्यासाठी समुद्रातला खडक कुणी उचकटलेला नसतो. या माशाला समुद्रफूलही लागत नाही. आमचे दोघे पंपामागच्या कोपऱ्यात झोपतात.

मे महिन्याची रात्र

टाकीतले पाणी आटते, मीठ आटत नाही. म्हणून रोज आटलेल्या पाण्याच्या जागी गोडे पाणीच भरायचे असते. पहिल्या आठवड्यात आम्ही खारे पाणी भरले आणि खारेपणा ३५ वरून ३८ वर गेला. नशिबाने तेव्हा मासे नव्हते. तेव्हापासून काचेवर एक रेघ आखली आहे. रोज सकाळी त्या रेघेपर्यंत साठवलेले पाणी भरायचे काम अम्मींनी स्वतःकडे घेतले आहे. फजरनंतर त्या चहाच्या आधी टाकीशी जातात. ज्यांनी पहिला प्रश्न विचारला, त्यांच्या हातात मापाचा मग आहे.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४३-४४ पर्यंत जातो. माशांना २४ ते २७ अंश हवे. पाणी थंड करायचे यंत्र महाग आणि वीज खाणारे. पण आपली हवा कोरडी आहे, हा आपला फायदा. कूलर मुंबईत चालत नाही, हदगावात चालतो, तसेच हे. पाण्यावर छोटा पंखा लावला, वरचे झाकण काढून जाळी बसवली, आणि पाणी तीन अंशांनी उतरले. खोलीची पश्चिमेची खिडकी बंद ठेवली. त्यातही मे महिन्यात पाणी २९ पर्यंत जाई. पंख्यामुळे रोज तीन-चार लिटर आटते. पावसाचे पाणी मार्चपर्यंत पुरले. पुढे आर.ओ. चालवले. वाया जाणारे पाणी फरशी आणि संडासासाठी वेगळ्या पिंपात धरले. हिशेब केला तर एका माणसाच्या आंघोळीची बादली. हे लपवण्यात अर्थ नाही. ज्या घरात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, त्या घराने ही टाकी मांडू नये.

आणि आता आमची मोठी चूक. मे महिन्यातल्या एका रात्री वादळ झाले, तारा तुटल्या, वीज गेली ती नऊ तास आली नाही. इन्व्हर्टरवर फक्त दिवे आणि पंखे. वीज गेल्यास हवा सोडणारा छोटा सेलवरचा पंप आम्ही मुद्दाम घेऊन ठेवला होता. तो काढला तर आतले सेल फुटून हिरवे झालेले. वर्षभर कुणी उघडून पाहिला नव्हता. दुकाने बंद. गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो, त्यात पाणी थांबलेले. मुलगा आणि भाऊ आळीपाळीने मगने पाणी उचलून उंचावरून सोडत राहिले. पहाटे तीनला मुलाला झोप लागली, मग आम्हालाही. सकाळी मोठी मादी तळाशी होती.

मुलगा रडला नाही. वही काढून त्याने तारीख टाकली आणि लिहिले, "सेल तपासले नव्हते." कुणाचे, ते लिहिले नाही. ते आमचे काम होते. आम्हाला त्या ओळीने जेवढी शरम वाटली, तेवढी कुणाच्या बोलण्याने वाटली नसती. घरात जीव आणला की त्याचे खाणेपिणे आपल्यावर येते, हे आम्ही मुलांना शेकडो वेळा सांगितले असेल. आता लाटांचा एक पंप इन्व्हर्टरवर जोडला आहे. दर पहिल्या रविवारी सेलचा पंप पाच मिनिटे चालवून पाहायचा, असे वहीतच लिहिले आहे.

ज्यांना करायचे आहे त्यांच्यासाठी

थोडक्यात खर्च सांगतो. टाकी आणि सामान अठरा हजार, टेम्पो तीन हजार. हीटर, मीठ, दगड, फिल्टर, तपासणीची औषधे, सिलिकॉन आणि मासे मिळून आणखी सोळा हजार. म्हणजे सदतीस हजार. "अठरा हजारात मिळतोय" हा फोनवरचा आकडा लक्षात ठेवा आणि दुप्पट धरा. वीज महिन्याला पन्नास-पंचावन युनिट. पंधरा दिवसांनी सोळा लिटर पाणी बदलावे लागते.

विजेचे जोडकाम हौशी माणसाने करू नये. मिठाचे पाणी वीज फार चांगली वाहते. अर्थिंग तपासून घ्या, झटका बसण्याआधी वीज तोडणारा स्विच लावून घ्या. प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोका देऊन मग वर न्या, म्हणजे थेंब प्लगपर्यंत जाणार नाही. पाण्यात हात घालण्याआधी हीटर बंद करा.

आणि कोणी फुकटात पोवळे, समुद्री घोडा किंवा ओळख न पटणारा कोणताही समुद्री जीव देऊ केला, तर घेऊ नका. हदगावात विचारायला कोणी येत नसले तरी.

आता पुन्हा जुलै आहे. गच्चीवर बाजेला ताडपत्री बांधली आहे, पहिल्या सरी सोडून दिल्या आहेत. उरलेला मासा नर आहे. या माशांत एक नवल असते: मादी गेली आणि जवळ दुसरा लहान मासा आला, की उरलेला नर हळूहळू मादी होतो. पुतणीने हे वाचून दाखवले तेव्हा अब्बांना खरे वाटले नाही. म्हणून मुलाने वहीत नवे पान काढले आहे. लहान मासा या महिनाअखेर येईल, इन्शाअल्लाह. पिंप भरले की आधी नाही, असे अम्मींनी बजावले आहे.